मागची चाकं दुकानाकडे

चिरंजीव पाना यास, मावशीचे मनापासून आणि थोडेसे घाबरत दिलेले आशीर्वाद.

खरं तर आज तुला 'अहो' म्हणून, अदबीने लिहायचा माझा विचार होता. काम माझं अडलं आहे आणि अडलेल्या माणसाने जरा वाकून लिहिलेलं बरं. पण ताई, म्हणजे तुझी आई, म्हणाली की, ज्याची झबली आपण शिवली त्याला अहो-जाहो केलं तर तो पुढचं वाचण्याआधी डॉक्टरला फोन करील. म्हणून अरे-तुरेवरच आले. इकडे सर्व ठीक. ताईचा नवा गुडघा उत्तम आहे. माझे दोन्ही जुनेच आहेत, पण कुरकुरत का होईना चालतात. शिलाईचं दुकान चालू आहे आणि मागच्या खोलीतला नळ तू दुरुस्त केलास तेव्हापासून गळत नाही. तुझा खोकला गेला का? वेळेवर जेवतोस का? मागच्या पत्रात तू एकूण सहा ओळी लिहिल्या होत्यास आणि त्यातल्या चार हवामानाच्या होत्या. हवामान आम्हाला इथेही मिळतं. (हे वाक्य ताईचं. ती शेजारी बसून काजं करते आहे आणि लिहिलेलं सगळं मला मोठ्याने वाचून दाखवायला लावते आहे. तेव्हा या पत्रात कंस दिसला की आत बहुधा ताई आहे असं समज.)

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू 'हो मावशी, हो मावशी' म्हणतोस आणि फोन ठेवला की विसरतोस. शिवाय मला आकृत्या काढायच्या आहेत. त्या मागच्या पानावर आहेत. त्यातली दुसरी आकृती चाकाची आहे, बटणाची नाही.

आता मुद्द्याचं. तू जाताना कपाटावर एक खोकं ठेवून गेलास आणि त्यावर जाड अक्षरांत लिहिलंस, 'हात लावू नये. मावशीने तर मुळीच नाही.' पाना, मी पंचवीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करते आहे. ज्या वस्तूला स्क्रू आहेत ती वस्तू मला हाका मारते, हे तुला माहीत असायला हवं होतं. तरी सात महिने मी त्याला हात लावला नाही. वरची धूळ तेवढी झटकली, आणि एकदा वजन किती आहे ते पाहिलं. पण ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझा नाइलाज झाला. तुझा रिमोटवरचा ट्रक मी बाहेर काढला. तो सुखरूप आहे. पुढे काहीही वाचलंस तरी तो सुखरूप आहे, हे वाक्य धरून ठेव.

ऑपरेशन छान झालं हे तुला कळवलंच होतं. न कळवलेलं ते असं, की त्यानंतर ताईने चालायचं नावच सोडलं. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट बाई येते. कोन मोजायचं एक साधन गुडघ्याला लावून ती अंश वाचते, म्हणून आम्ही तिला कोनमापक म्हणतो. (तोंडावर नाही.) तिने सांगितलं, आधी रोज वीस पावलं, मग चाळीस, मग शंभर. हे तीन महिने केलं नाही तर नवा गुडघा असून पाय कायमचा आखडेल, आणि मग कोणाच्याच हातात काही राहणार नाही. ताईने पहिल्या दिवशी चार पावलं टाकली, दुसऱ्या दिवशी तीन, आणि तिसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीत जी बसली ती बसलीच. (दुखत होतं. ते लिही.) दुखत होतं हे खरं आहे. पडायची भीती वाटत होती हेही खरं आहे, पण ते ती लिहू देत नाहीये.

खुर्चीत बसून ती हाताने काजं करायची आणि मला हाका मारायची. घर आणि दुकान यांच्यामध्ये आपलं आवार किती लांब आहे ते तुला ठाऊक आहे. तू तिथे सायकल शिकलास. दोरा आण, चष्मा आण, झालेले शर्ट घेऊन जा, हा निळा नाही, तो निळा. आवाज पोहोचेना तेव्हा ती स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायला लागली. इकडे मी गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत असायची आणि तिकडे पेला वाजायचा. एका दिवसात मी सदतीस फेऱ्या मारल्या. कोनमापक म्हणाली, 'ज्यांनी चालायचं त्या बसून आहेत, पण तुमची प्रगती मात्र छान आहे हं.' त्याच संध्याकाळी मी खोकं उघडलं.

पहिले दोन दिवस तुझ्या ट्रकने मला जिंकलं. वर एक डबा बांधला, डब्यात शर्ट, शर्टांवर इलॅस्टिक. दुकानाच्या दारात उभी राहून मी रिमोट दाबायची आणि ट्रक आवार ओलांडून, टाकीला वळसा घालून, सुताराने पायऱ्यांवर बसवलेल्या फळ्यांच्या उतारावरून थेट ताईच्या खुर्चीशी. माझे पाय वाचले. तिसऱ्या दिवशी ताईने इस्त्री मागितली. (मागितली नव्हती. जमलं तर पाठव म्हटलं होतं.) जमलं नाही. ट्रक उताराच्या मध्यावर गेला, आतून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला आणि इस्त्रीसकट तो हळूहळू माघारी माझ्या पायाशी आला. मोटर गरगरत होती आणि मागची चाकं स्वस्थ होती.

मी तो दुकानात आणून उघडला. (बघ, उघडलाच.) मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक डबी आहे आणि तिच्यात दातेरी चाकांचं एक कुटुंब राहतं. कोपऱ्यावरचा लेथवाला त्याला डिफरन्शियल म्हणतो. तुला हे सगळं ठाऊक आहे, पण मला कळलं आहे हे तुला कळावं म्हणून लिहिते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त जावं लागतं आणि आतल्याला कमी, म्हणून दोघांना जोर एकाच मोटरचा, पण चाल ज्याची त्याची. म्हणजे पायजमाच, नाडी एक आणि पाय दोन. आता या नाडीशी जे मोठं चाक असतं, त्याचे तीन दाते साफ उडाले होते. सगळं प्लॅस्टिकचं. ज्याने हे बनवलं त्याच्या घरी इस्त्री नसावी.

तुझ्या खोक्यात सुट्या भागांची एक पिशवी होती, त्यातलं नवं चाक मी घातलं. इथपर्यंत तूही मला शाबासकी दिली असतीस. इथून पुढे देणार नाहीस. डबीत काहीतरी वंगण असायचं आणि ते उघडताना सांडून गेलं होतं. आता ज्या बाईने आयुष्यभर मशिनीला तेल घातलं, ती तेलच घालणार. मी शिलाई मशिनीचं पातळ, स्वच्छ तेल काठोकाठ भरलं. ट्रक उतारापर्यंत गेला, फळीच्या कडेवर त्याचं एक चाक जरा अधांतरी राहिलं, आणि सगळा जोर त्या एकट्याने खाल्ला. ते हवेत भिरभिरत होतं आणि बाकीचं खिळलेलं. लेथवाला म्हणाला, आत तेल घट्ट पाहिजे, मधापेक्षा घट्ट. मग मला आठवलं की तुझ्या पिशवीत एक छोटी बाटली होती, तिच्यावर नुसतं '१०,०००' लिहिलेलं. ती तिची किंमत समजून मी घाबरून कपाटाच्या आतल्या खणात कुलपात ठेवली होती. तो घट्टपणाचा आकडा आहे हे मला काय माहीत. पण त्या दिवशी कुलपाची किल्ली सापडेना आणि मी तर इरेला पेटले होते. म्हणून मी माझ्या अकलेने घट्टपणा आणला. झालरी चिकटवायला आपण जो गरम करून वापरायचा डिंक ठेवतो, त्याने मी अख्खी डबी भरून टाकली.

पाना, त्या दिवशी ट्रक जो चालला तसा तो तुझ्याकडेही कधी चालला नसेल. सरळ. फक्त सरळ. दोन्ही चाकं एकमेकांना अशी चिकटली की वळणं हा विषयच संपला. टाकीपाशी मी रिमोट उजवीकडे पिळत होते आणि ट्रक मान वळवून सरळ जात होता. समोरून कोनमापक आत येत होती. तिच्या घोट्याला फार लागलं नाही. नंतर तिने स्वतःच स्वतःच्या घोट्याचा कोन मोजला आणि ठीक आहे म्हणाली, पण तेव्हापासून ती फाटकातून आत येण्याआधी थांबून दोन्ही बाजूंना बघते. ताई खुर्चीत बसून हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली, म्हणून मी तो अपघात फार मनाला लावून घेतला नाही.

डिंक काढायला मी डबी उकळत्या पाण्यात धरली. हा डिंक गरम झाला की मऊ पडतो आणि सोलून निघतो, हे एक बरं. मग मी ठरवलं, आता घिसाडघाई पुरे, हे काम मशिनीत सुई आणि शटलची वेळ जुळवावी तसं करायचं. किल्ली सापडली, दहा हजारांची बाटली बाहेर आली. लेथवाल्याने मोठ्या चाकामागे डबी फाकू नये म्हणून बाहेरून पितळेचं एक कडं करून दिलं आणि ते गरम करून चढवलं. (तो माणूस चांगला आहे, पण फार बोलत नाही.) त्याने सांगितलं की दाते एकमेकांत नीट बसले नाहीत तर ते घसरतात आणि घसरले की उडतात, म्हणून मोठ्या चाकाच्या मागे पातळ पत्र्याची चकती घाला. किती पातळ ते मला सांगावं लागलं नाही. आपल्या बेतायच्या खाकी कागदाची पट्टी दोन चाकांच्या मध्ये धरायची आणि फिरवायची. पट्टी दुमडली पण फाटली नाही तर बरोबर. पत्रा मिळाला सरबताच्या रिकाम्या कॅनचा. आता पत्रा कापायला कात्री हवी.

इथे मी जे केलं ते तुला सांगायला मला ताईच्या देखत धीर होत नाही, पण तिला ते माहीत असल्यामुळे लपवण्यातही अर्थ नाही. माझ्या हाताशी तिची दहा इंची कात्री होती. तीच, जिने तिने तुला कधी पतंगाचा कागदसुद्धा कापू दिला नाही. कापडाशिवाय दुसरं काही त्या कात्रीला शिवलेलं नव्हतं. (बावीस वर्षं.) बावीस वर्षं. मी तिने दोन चकत्या कापल्या. हळूच कापल्या. पण आवाराच्या पलीकडे, बंद खिडकीच्या आत, ताईला तो आवाज ऐकू गेला. तिने पेला वाजवला आणि ओरडून एवढंच म्हणाली, 'माझी कात्री पाठव. आत्ता.'

मी डिफरन्शियल घाईघाईने बसवलं, कात्री पुसली, डब्यात ठेवली आणि ट्रक सोडला. उताराशी तो आला, पहिली फळी चढला आणि तिथेच उभा राहून थरथरायला लागला. मोटर जोरात, आवाज मोठा आणि ट्रक जागचा हलेना. मी इकडे एका गिऱ्हाइकाच्या बाहीत टाचण्या लावत होते, मला सुटता येईना. तेवढ्यात दार उघडलं आणि ताई बाहेर आली. वॉकर नाही, काठी नाही. एक हात चौकटीला, मग कठड्याला, आणि नजर कात्रीवर. मी टाचणी तोंडात धरून मोजत होते. खुर्चीपासून दारापर्यंत चौदा पावलं असतात, हे मी आधीच मोजलेलं होतं. दारापासून ट्रकपर्यंत तिने नऊ टाकली. तिने कात्री उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला, खिशातल्या चिंधीवर एक काप घेऊन पाहिला, तो अडखळला, आणि मग तिथे उभ्याउभ्या तिने मला जे काही सुनावलं ते साधारण दहा मिनिटं चाललं. त्या गिऱ्हाइकाने बाही तशीच ठेवून सगळं ऐकून घेतलं. शेवटी ताईने ट्रक उलटा करून हातात धरला, चाकांकडे पाहिलं आणि म्हणाली, 'अगं, पुढची चाकं घराकडे जातायत आणि मागची दुकानाकडे. तू बसवलंयस काय?'

खरंच तसं होतं. ती डबी दोन्ही बाजूंनी बसते, आणि उलटी बसली की मागची चाकं उलटी फिरतात. मी उलटी बसवली होती.

तर आता तुझ्याकडे मागणं असं. मला पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डिफरन्शियलचे पोलादी गिअर हवे आहेत. माप आकृतीत दिलं आहे. त्या दिवसापासून दोन आठवडे झाले, मी रोज ते दुरुस्त करते आहे आणि रोज काही ना काही बिनसतं. तेलकट हातांना त्या डबीची सुलटी बाजू ओळखू येत नाही. आतापर्यंत ती नऊ वेळा उलटी बसली. एकदा पिन निघाली. गेल्या सोमवारी तर ट्रक उताराच्या पायथ्याशी चक्क चाकं वर करून पडलेला सापडला आणि ते कसं झालं हे माझ्या अजून लक्षात आलेलं नाही. दरवेळी ताईला उठून यावं लागतं. (हो, यावं लागतं. नाहीतर शर्ट तिथेच राहतात.) वारंवार उघडझाप करून प्लॅस्टिकच्या दात्यांचा जीव किती राहणार? पण मी हार मानणार नाही. पंचवीस वर्षांत एकही मशीन माझ्या टेबलावरून न चालता परत गेलेली नाही आणि तुझा ट्रकही जाणार नाही. तो इस्त्री घेऊन ताईच्या खुर्चीपर्यंत चढेल तेव्हाच मी थांबेन. तेव्हा पाना, खोक्यावर तू काय लिहिलं होतंस ते विसर आणि गिअर पाठव. कोनमापक सांगते की गुडघा आता एकशे पाच अंश वाकतो आणि तिच्या शिकवण्याला यश येतं आहे. तिला आम्ही तसंच समजू दिलं आहे.

स्वतःला जप. पुढच्या पत्रात हवामानाच्या ओळी दोनवर आण.

तुझी, हात लावून बसलेली,
मावशी

ता. क. कात्रीला धार लावून आणली. ताई म्हणते, पूर्वीसारखी नाही. ती आणखी वीस वर्षं तसंच म्हणेल, याची मी मनाची तयारी केली आहे.

ता. क. दुसरा. हा मी दुकानात येऊन एकटीने लिहिते आहे, म्हणून याला कंस नाहीत. गिअर पाठवू नकोस. ट्रक पितळी कडं चढवल्यापासून ठणठणीत आहे. मी परवा ताई अंघोळीला गेली असताना इस्त्री ठेवून पाहिलं, दोनदा चढला. पहिल्या दिवशी डबी उलटी बसली ती खरीच चूक होती, पण ताई तेवीस पावलं चालली हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून रोज सकाळी आठ स्क्रू काढून मी ती मुद्दाम उलटी बसवते. ट्रक खुर्चीपर्यंत पोहोचायला लागला तर ती पुन्हा खुर्चीतून हलणार नाही, आणि कोनमापकाच्या तीन महिन्यांतले अजून सात आठवडे बाकी आहेत. मला भीती वाटते, पाना. तो पाय आखडला तर मी दुकानात एकटीने मशीन चालवत बसेन आणि ती तिकडे खिडकीत, असं मला रोज दिसतं. म्हणून तू तिला लिही की असे गिअर मिळत नाहीत, मागवले आहेत, तीन महिने लागतील. सोमवारी मात्र माझी खरोखर चूक झाली होती, मी डबी सुलटी बसवून गेले होते, आणि तरी ट्रक उलटून पडला. देव पावला म्हणायचं. ताई म्हणते पत्र मीच पेटीत टाकीन, तेवढंच चालणं. म्हणून पाकीट साध्या खळीने न चिकटवता त्या झालरीच्या डिंकाने चिकटवते आहे.

ता. क. तिसरा. चि. पाना, आईचे आशीर्वाद. पाकिटावरून इस्त्री फिरवली. डिंक गरम झाला की सुटतो, हे तिनेच वर लिहिलं आहे. पंचवीस वर्षं मशिनी जुळवणारी बाई एकच डबी नऊ वेळा उलटी बसवत नाही, हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं. ट्रक अडला की मी उतरते, ती दुकान सोडून येते, आणि मग आम्ही उताराच्या फळीवर बसतो. काय बिघडलं ते ती मला समजावून सांगते आणि तेवढ्यात चहा होतो. दुकान काढल्यापासून तिने दुपारचा चहा कधी बसून घेतलेला मी पाहिला नव्हता. सोमवारी ट्रक उताराला लावून ती गिऱ्हाइकाकडे वळली, आणि तो सरळ खुर्चीशी आला. मी शर्ट काढून घेतले, तो उचलून उतारापर्यंत नेला, पायथ्याशी उलटा करून ठेवला, परत येऊन बसले आणि पेला वाजवला. हे तिला कधीही सांगू नकोस. ती म्हणते तेच कर. गिअर मिळत नाहीत असं मला लिही, मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवीन.